पुरलेली दौलत

मालिका संपली की आपण टीव्ही बंद करतो नि ताटं घेतो. पडद्यामागच्या मंडळींनी काय करावं?

अमेरिकेतली 'मॅश' ही विनोदी मालिका घ्या. कोरियाचं युद्ध तीन वर्षांत आटोपलं. मालिका चालली अकरा वर्षं! 1982 मध्ये वणव्यात तिचा डोंगरातला सेट जळाला, तर पठ्ठ्यांनी ती आगच शेवटच्या भागात घातली. तो भाग 28 फेब्रुवारी 1983 ला दाखवला गेला. पण चित्रण सर्वांत शेवटी झालं ते त्याच्या आदल्या भागाचं. त्यात पात्रं आठवणींची पेटी पुरतात. नटांनीही मग स्टुडिओच्या आवारात खरीखुरी पेटी पुरली. पुढं ती एका कामगाराला सापडली. नायक ॲलन आल्डा सांगतात, त्यानं विचारल्यावर आपण ती त्यालाच ठेवायला सांगितली.

आमच्या दौलताबादच्या नावातच दौलत. कुणी नळासाठी चर खणला तरी तात्या मोहरांच्या आशेनं चारदा डोकावतात. त्यांना हे सांगितलं. वाटलं, हसतील. पण ते गंभीर झाले.

"बरोबर केलं. अकरा वर्षांचा निरोप एकदा कसाबसा घेता येतो. पेटी परत आली तर पुन्हा घ्यावा लागतो."

मग हळूच म्हणाले, "पण आत सोनंबिनं नव्हतं ना?"