पट्टा मिळायला वर्षं लागायची तेव्हा

ऐंशीच्या दशकात आमच्या गावात कराटेचा एकच क्लास होता आणि त्या क्लासात काळा पट्टा एकट्या सरांच्या कमरेला होता. त्याच्या कडा विरल्या होत्या, आतली पांढरी दोरी दिसायची. आमचे गणवेश मांजरपाटाचे, गल्लीतल्या शिंप्याने शिवलेले. पिवळा पट्टा मिळाला की नवा विकत आणायचा नाही; पांढराच रंगाच्या पुडीत बुडवायचा आणि पुढे त्याच्यावरच हिरवा चढवायचा. परीक्षा कधी आहे हे विचारायची पद्धत नव्हती. कुणाचं शिकणं पिकलं असं वाटलं की सरच म्हणायचे, "रविवारी जरा लवकर ये." त्यांच्या नावाआधी 'सर' सोडून दुसरं काही लागलेलं मी कधी ऐकलं नाही.

आज त्याच गावात चौकाचौकांत कराटेचे फ्लेक्स आहेत. नावांआधी सेन्सेई, रेन्शी, शिहान, हान्शी. ग्रेडिंग दर तीन महिन्यांनी, फी आगाऊ. दोन रंगांच्या मधे पट्टीचे अर्धे पट्टेही आले. आठ-नऊ वर्षांची मुलं काळा पट्टा बांधून आईवडिलांबरोबर फोटो काढतात. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो, तो मला मनापासून आवडतो. पण आम्ही जी वाट पाहिली ती त्यांच्या वाट्याला आलेली नाही, याची हुरहुर लागते.

ही रंगांची उतरंड पुरातन जपानी असावी, असं आपण धरून चालतो. ती तशी नाही. जपानच्या जुन्या युद्धकलापंथांत पट्ट्याला काही अर्थ नव्हता. प्रवेश घेताना बोट टोचून रक्ताचा ठसा उमटवायचा, शपथ घ्यायची आणि शिकत राहायचं. बऱ्याच वर्षांनी गुरू एक कागद देई, मग पुढे मोकुरोकु म्हणजे तंत्रांची यादी असलेली गुंडाळी, त्यानंतर मेन्क्यो हा शिकवण्याचा परवाना, आणि अगदी थोड्यांना मेन्क्यो काइदेन, म्हणजे पंथाची सगळी विद्या सोपवल्याची खूण. दोन टप्प्यांमध्ये कित्येक वर्षं जात.

हे अंतर ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांना खटकलं. त्यांनी स्वतः जुन्या पद्धतीने जुजुत्सूच्या गुंडाळ्या मिळवल्या होत्या. १८८२ साली टोकियोच्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा तातामींच्या, म्हणजे गवती चटयांच्या, जागेत त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा शिष्य होते नऊच. टप्पे फार लांब असले तर शिकणाऱ्याचा हुरूप टिकत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि 'दान'च्या पायऱ्या आणल्या. ही कल्पना 'गो' या बैठ्या खेळातली. तिथे सतराव्या शतकात होनिन्बो दोसाकु यांच्या काळापासून खेळाडूंची प्रतवारी दानमध्ये होत होती. १८८३ मध्ये साइगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो यांना पहिला दान मिळाला. पण कमरेला काळं काही चढलं नाही. दान मिळालेल्यांनी काळा पट्टा बांधायचा, ही रीत दोन-तीन वर्षांनी पडली.

आमच्या क्लासात एक गोष्ट सांगितली जायची: पट्टा कधी धुवायचा नाही, घामा-मातीने तो आपोआप काळा होतो आणि तोच खरा काळा पट्टा. गोष्ट मला अजून प्रिय आहे, पण खरी नाही. काळा रंग कानोंनी ठरवून दिला. आणि पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा हे तर युरोपात रुजले. लंडनच्या बुदोक्वाई क्लबात १९२०च्या दशकात रंगीत पट्टे दिसू लागले. १९३५ साली पॅरिसला गेलेल्या मिकिनोसुके कावाइशी यांनी त्यांची पद्धत पक्की केली. दूरच्या देशातल्या नवशिक्यांना पुढची पायरी डोळ्यांना दिसावी, एवढाच हेतू.

कराटेचा तर पट्ट्याशी संबंधच नव्हता. ओकिनावात आसातो आणि इतोसु या गुरूंच्या अंगणांत रात्री शिकलेल्या गिचिन फुनाकोशींनी एकेक काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, वर्षानुवर्षं घोटला. कमरेला खूण नाही, हातात कागद नाही. १९२२ मध्ये ते टोकियोला आले, कोदोकानमध्ये त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं, आणि कानोंच्या पद्धतीचा प्रभाव पडला. एप्रिल १९२४ मध्ये त्यांनी कराटेतले पहिले दान दिले. फ्लेक्सवरच्या पदव्यांचं मूळ वेगळं आहे. १८९५ साली क्योटोत दाइ निप्पोन बुतोकुकाई ही संस्था स्थापन झाली. तिने १९०२ मध्ये हान्शी आणि क्योशी या शिक्षकपदव्या ठरवल्या, रेन्शी १९३४ साली आली. महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, संस्था बरखास्त झाली. पदव्या मात्र राहिल्या आणि पुढे ज्याची त्याची संघटना त्या देऊ लागली.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. केइको फुकुदांची हकिकत आठवली की तसं म्हणवतच नाही. कानोंचे पहिले गुरू फुकुदा हाचिनोसुके, त्यांची ही नात. १९३५ साली ती कोदोकानच्या महिला विभागात आली. १९५३ मध्ये पाचवा दान मिळाला आणि तिथेच सगळं थांबलं, कारण बायकांना त्याच्या वर दान द्यायचाच नाही अशी चाल होती. सहावा मिळायला १९७२ उजाडलं. कोदोकानने नववा दिला २००६ मध्ये आणि अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने दहावा २०११ मध्ये, तिच्या वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. ही वाट पाहणं नव्हे, अडवणूक होती. असली वाट कुणालाही पाहायला लागू नये.

मला ओढ आहे ती केंदो या जपानी तलवारकलेत अजून टिकलेल्या वाटेची. तिथे रंगीत पट्टाच नाही. जाळीचं शिरस्त्राण चढवलेल्या दोघांपैकी आठवा दान कुणाचा, हे बघून कळत नाही, तलवार उचलल्यावर कळतं. त्या परीक्षेला बसायला वय किमान ४६ हवं आणि सातव्या दाननंतर दहा वर्षांची साधना. बसतात शेकड्यांनी, उत्तीर्ण होतात शेकडा एखाद-दुसरा. कितीतरी जण साठी-सत्तरी ओलांडूनही पुन्हा पुन्हा येतात. नववा आणि दहावा दान तर अखिल जपान केंदो महासंघाने २००० सालापासून देणंच बंद केलं.

पायऱ्या वाढवल्या म्हणून कानोंना मी दोष देत नाही. त्यांची पायरी आणि आजची पायरी यांत फरक आहे तो देणाऱ्याचा. साइगोला दान देणाऱ्या माणसाने त्याला रोज त्याच तातामींवर पाडलं होतं आणि त्याच्या हातून स्वतःही पडला होता. आमच्या सरांना कुणाचा गुडघा दुखतो, कोण काता घाईने उरकतो, सगळं ठाऊक असायचं. आता बाहेरगावचा परीक्षक सकाळी येतो, शंभर मुलांना रांगेत उभं करतो आणि दुपारी प्रमाणपत्रांवर सह्या करून निघून जातो. त्या सहीला मी ग्रेड मानत नाही.

तुमच्या मुलीला किंवा मुलाला क्लासला घालायला जाल तेव्हा भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचण्यात वेळ घालवू नका. एक अख्खा तास कोपऱ्यात बसा. सर सगळ्यात मागच्या, पांढऱ्या पट्ट्याच्या पोराकडे किती वेळ बघतात, ते पाहा. आणि तास संपल्यावर त्यांना विचारा: तुम्ही कुणाकडे शिकलात, आणि किती वर्षं?