कापूस सोडवायचा असतो

वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावच्या आमच्या घरात मागच्या खोलीत पूर्वी कापूस भरलेला असायचा. लहानपणी त्याच्यावर उड्या मारल्याबद्दल मी मार खाल्ला आहे. मागच्या हिवाळ्यात त्याच खोलीत मी अंधार करून बसले. खिडकीला काळी ताडपत्री ठोकली, जुन्या टेबलाची वरची फळी काढून तिथे दुधी काच बसवली, काचेखाली दिवा लावला आणि वर लोखंडी दांडीला कॅमेरा खाली तोंड करून बांधला. काचेवर आमच्या वावरातली काळी माती पसरली. त्या मातीतून मला दोन मिनिटे चाळीस सेकंदांची ॲनिमेशन फिल्म करायची होती. विषय एकच, कापूस वेचणारे हात.

पद्धत सांगायला सोपी आहे. खालून उजेड येत असल्यामुळे जिथे माती तिथे काळे आणि जिथे माती बाजूला सारली तिथे पांढरे दिसते. बोटाने, खराट्याच्या काडीने, ब्रशने माती सरकवून एक चित्र करायचे, फोटो काढायचा. मग तीच माती केसभर हलवायची, पुन्हा फोटो. सेकंदाला १२ चित्रे धरली तर माझ्या फिल्मला १,९२० चित्रे लागणार होती. दिवसाकाठी तीस-बत्तीस झाली तरी तो दिवस चांगला म्हणायचा.

कागदावरच्या ॲनिमेशनमध्ये चुकलेला कागद काढून दुसरा घालता येतो. इथे मागचे चित्र मोडूनच पुढचे होते. दहा चित्रांपूर्वी अंगठा चुकला हे कळले तर त्या जागी परत जाता येत नाही. कॅनडाच्या कॅरोलिन लीफ यांनी वाळूत केलेली घुबड आणि हंसिणीची फिल्म (१९७४) मी पुण्यात शिकताना पाहिली, तेव्हापासून ही पद्धत मनात घर करून होती. आणि चित्रामागे चित्र घेत धीर धरण्याची गोष्ट आपल्याकडे काही नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर कुंडीतल्या वाटाण्याचे रोप थोडे थोडे टिपत 'अंकुराची वाढ' केली. पुढे नुसत्या आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. आपला सिनेमा रोपाशेजारी वाट बघत बसण्यातून सुरू झाला, याचा मला फार आधार वाटतो.

माती मात्र वाळूसारखी वागत नाही. वाळूचा कण सुटा असतो. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिचा हा स्वभाव चिमूटभर मातीतही जात नाही. मी ती वाळवली, पाट्यावर वाटली, पिठाच्या चाळणीतून आणि मग ओढणीतून गाळली. इतकी बारीक केली की ती काचेला चिकटून बसली आणि कडा धुरकट झाल्या. ओढणीचा टप्पा सोडून दिला, तेव्हा कडा नीट आल्या. तरी सकाळी धुके असले की हवेतला ओलावा ओढून तिचे खडे व्हायचे. शेवटी रोज सकाळी आई रवा भाजावा तशी ती तव्यावर मंद आचेवर परतून द्यायची. तवा अर्थातच वेगळा ठेवला होता.

दुसरी अडचण उजेडाची. पहिल्या आठवड्यातली चित्रे जोडून पाहिली तर फिल्म लुकलुकत होती. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर मी हाताने बांधून ठेवले होते, म्हणजे दोष दिव्याचा. शेतातले पंप सुरू झाले की घरातला विजेचा दाब उतरायचा. डोळ्यांना ते कळत नव्हते, पण एकापुढे एक लावलेल्या चित्रांत लगेच दिसायचे. उपाय भावाने काढला. फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी हिवाळ्यात रिकामीच पडून होती. तिच्यावर एलईडीची पट्टी जोडली, रोज रात्री बॅटरी चार्ज केली, आणि उजेड स्थिर झाला.

कापसानेही मला चकवले. खरा कापूस काचेवर ठेवला की खालच्या उजेडात तो काळा ढग दिसतो, कारण तो उजेड अडवतो. इतकी पांढरी वस्तू, आणि पडद्यावर तिची नुसती सावली. म्हणून बोंड दाखवायचे तिथे मी माती पुसून काच मोकळी केली. माझ्या फिल्ममधला सगळा कापूस ही अशी मोकळी काच आहे. खरा कापूस फक्त शेवटच्या दृश्यात आहे, तोही वरून उजेड टाकून.

हे सगळे जमल्यावर बावीस सेकंद झाली, म्हणजे २६४ चित्रे, आठ दिवसांचे काम. मी आईला लॅपटॉपवर दाखवले. हात पऱ्हाटीकडे जातो, बोंड धरतो, कापूस ओढून घेतो. तिने दोनदा पाहिले.

"अवं, असा कुठं कापूस निघते?" ती म्हणाली. "ओढला तं तुटते. अर्धा बोंडातच राह्यते, अन् पाला संगं येते. कापूस ओढाचा नसते पोरी, सोडवाचा असते. अन् डावा हात रिकामा काऊन ठेवला?"

मी ते आठ दिवसांचे काम बाजूला ठेवले आणि चार दिवस तिच्यासोबत वेचायला गेले. वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटा बांधला. वर्ध्याचा कापूस, पुलगावची गिरणी, आर्वीकडे जाणारी छोटी गाडी, हे सगळे ऐकत मी मोठी झाले, आज त्या गिरणीचे भोंगे नाहीत आणि ती गाडीही नाही. पण वेचणाऱ्या बाईचे बोट बोंडात नेमके कसे जाते हे मी कधी पाहिलेच नव्हते.

बोंड फुटून वाळले की त्याच्या कवचाची टोके ताठ होतात आणि नखाच्या कडेला टोचतात. आईची तीन बोटे आणि अंगठा त्या टोकांच्या आत वरून उतरतात, कापसाच्या पाकळ्यांच्या बुडाशी जातात, तिथे थोडी वळतात आणि सगळ्या पाकळ्या एकदम सुटतात. दुसरा हात तोवर शेजारच्या बोंडावर पोचलेला असतो. नजर त्याच्याही पुढे, तिसऱ्या बोंडावर. कापूस ओट्यात जाताना ती त्याच्याकडे बघतही नाही. तिच्या बोटांना पाल्याचा तुकडा लागला तर तो तिथेच गळून पडतो, कारण कचरा आला की भाव पडतो.

घरी येऊन मी मोजणी बदलली. बोंडापर्यंत हात जायला तीन चित्रे, आत सात, बाहेर यायला दोन. आधी मी सगळीकडे सारखा वेळ दिला होता, त्यामुळे तो हात कुणाचाच नव्हता. आता आतल्या सात चित्रांत बोटे जवळजवळ दिसतच नाहीत, फक्त मनगटाची शीर किंचित फिरते. डोक्याचे वळणे हाताच्या आधी घेतले. एवढ्याने मातीच्या त्या आकृतीत आई दिसू लागली. मी त्या रात्री खोलीतून बाहेर आले नाही, तेच सेकंद पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

माझ्या बोटांचे ठसे मातीत ठिकठिकाणी राहिले आहेत. चित्रे चालू लागली की ते पृष्ठभागावर थरथरतात. संगणकावर ते पुसता आले असते, पण मी पुसले नाहीत. हाताने केलेल्या कामावर हात दिसला पाहिजे असे माझे मत आहे, आणि या विषयात तर नक्कीच.

संक्रांतीनंतर अंगणात धोतर ताणून फिल्म दाखवली. आईसोबत वेचायला जाणाऱ्या सगळ्या बाया आल्या होत्या. पहिल्या बोंडात हात गेला तेव्हा एका काकूंची बोटे मांडीवर आपोआप वळली. मी पडद्याऐवजी त्यांच्याकडेच बघत होते.

काचेवरची माती आईने वावरात नेऊन टाकली. फिल्मचे नाव 'सोडवण' आहे. श्रेयनामावलीत 'हातांची हालचाल' यापुढे आईचे नाव आहे, आणि ते माझ्या नावाच्या आधी येते.