रणदिव्यांची टीम

दसरा झाला की मी वही काढतो. लाल बांधणीची, लांबट, किराणा दुकानदार उधारी मांडतो तसली. पहिल्या पानावर २०१३ साल आहे आणि त्याखाली माझ्या हाताने लिहिलेलं एक वाक्य: सॅक्रामेंटो किंग्ज, विजय ४०, पराभव ४२. त्या वर्षी प्रत्यक्षात २८ विजय झाले. वहीची सुरुवातच अशी. तरी ती मी फेकली नाही, कारण उधारीची वही कुणी फेकत नाही.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या ३० टीम, प्रत्येकीचे ८२ सामने, ऑक्टोबर ते एप्रिल. मिरजेतल्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असं घरचे विचारायचे. आता विचारत नाहीत. संबंध एवढाच की माझा भाचा त्या वर्षी सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला नोकरीला लागला आणि पहिल्याच फोनवर म्हणाला, "मामा, इथली टीम सिएटलला चालली होती. ती एकानं विकत घेऊन थांबवली. मालकाचं आडनाव ऐका. रणदिवे."

विवेक रणदिवे. मुंबईत वाढलेला माणूस, एमआयटीत शिकला, टिब्को नावाची सॉफ्टवेअर कंपनी काढली. त्यांना मराठी कितपत येतं, या भानगडीत मी कधी पडलो नाही. आपल्याला आडनाव पुरतं. एस.टी.त शेजारी बसलेल्याचं गाव विचारून, आडनाव विचारून, तिसऱ्या प्रश्नाला नातं काढणारी माणसं आपण. त्या दिवसापासून सॅक्रामेंटो ही माझ्यासाठी रणदिव्यांची टीम झाली. रणदिव्यांच्या घरात लग्न असावं आणि आपण वाढपी म्हणून उभं राहावं, तसा मी गेली बारा वर्षं उभा आहे.

भाकित करायची खोड मात्र आधीची. नोकरीतली शेवटची अकरा वर्षं मी मिरज जंक्शनच्या चौकशीच्या खिडकीत काढली. पुणे, कोल्हापूर, पंढरपूर, बेळगाव, चारी दिशांच्या गाड्या. एके काळी तर या स्टेशनात ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजचे रूळ होते. खिडकीत प्रश्न एकच यायचा. "किती लेट?" सुरुवातीला मी खरं बोलायचो. एकेरी मार्ग आहे, पुढं क्रॉसिंग आहे, सांगता येत नाही. माणूस भडकायचा. मग मला अक्कल आली. "चाळीस मिनिटं," असं ठामपणे म्हटलं की तोच माणूस शांत व्हायचा, चहाला जायचा, बायकोला सांगायचा, चाळीस मिनिटं आहेत. गाडी सव्वा तासानं आली तरी परत येऊन जाब विचारणारे फार थोडे. माणसाला आकडा लागतो. तो बरोबर असायला हवा असं नाही, पण धरून बसायला काहीतरी हवं.

खोटं आणि अंदाज यांच्यातली सीमा त्या खिडकीत फार अरुंद होती, हे कबूल करतो.

बास्केटबॉल मला लहानपणापासून ठाऊक होता तो अर्धाच. शाळेच्या पटांगणात एकच खांब, त्याला गंजलेली रिंग, जाळी नाही. बॉल रिंगमधून गेला का बाहेरून, यावर रोज भांडणं. पुढं कितीतरी वर्षांनी टीव्हीवर सामना पाहताना आवाज ऐकला, बॉल कडेला न लागता जाळीतून गेल्यावर होतो तो. ओलं धोतर झटकल्यासारखा. म्हटलं, आपण एवढी वर्षं काय खेळत होतो!

रणदिव्यांबद्दल भाच्याने एक गोष्ट सांगितली आणि मी पुरता अडकलो. ही टीम घेण्याच्या आधीची. ते आपल्या मुलीच्या टीमला शिकवायचे, बारा वर्षांच्या पोरी, फारसं खेळता न येणाऱ्या. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ साली त्यावर लेख लिहिला आणि ती गोष्ट जगभर गेली. रणदिवे क्रिकेट-फुटबॉल बघत वाढलेले. त्यांना प्रश्न पडला की बास्केट झाली की टीम मागं का पळते? समोरच्याला अर्धं मैदान फुकट का सोडते? त्यांनी पोरींना सांगितलं, मागं जायचंच नाही, पूर्ण मैदानभर चिकटून राहायचं, बॉल आत टाकूच द्यायचा नाही. त्या पोरी थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. सांगली जिल्हा हा कबड्डीचा. आमचं सगळं शहाणपण उलट. गड्याला आपल्या अंगणात येऊ द्यायचं, कोपऱ्यापर्यंत ओढायचं आणि मग धरायचं. कासेगावच्या काशिलिंग आडकेची चढाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल की आत आलेला गडी म्हणजे सापडलेला गडी नव्हे. मला रणदिव्यांचं म्हणणं पटलं, आणि मी पुढच्या वर्षी ४२ विजय लिहिले. झाले २९.

मग वहीचं पान उलटत जावं तसं सुरू झालं. ३३. ३२. २७. २०१८ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत सॅक्रामेंटोला दुसरा क्रमांक मिळाला. त्यांनी मार्विन बॅग्ली निवडला, आणि पुढच्याच क्रमांकावर लुका डॉन्चिच गेला. डॉन्चिच आज जगातल्या पहिल्या पाचांत धरला जातो. बॅग्लीला चार वर्षांच्या आत सॅक्रामेंटोनं सोडलं. त्याहून मोठी चुटपूट वेगळीच. किंग्ज घेण्याआधी रणदिव्यांचा गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये हिस्सा होता. नियमाप्रमाणे तो विकला. वॉरियर्स दोन वर्षांत विजेते झाले, मग आणखी तीनदा. चांगलं पिकणारं रान विकून खडकाळ घेतलेला शेतकरी आमच्याकडं गावोगाव असतो. त्याला पारावर काय बोलतात तेही मला ठाऊक आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरात ही टीम चक्क मुंबईत आली. वरळीच्या डोममध्ये दोन सराव सामने, इंडियाना पेसर्सशी. पहिला, ४ तारखेचा, जादा वेळेत १३२-१३१ असा एका गुणानं गेला. दुसऱ्याचं तिकीट भाच्यानं काढून दिलं आणि मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलो. दोनच महिन्यांपूर्वी ऑगस्टमध्ये कृष्णेनं सांगली बुडवली होती. आमच्या भागात भाकित हा शब्द खरा वापरतात तो तेव्हा. आयर्विन पुलाची पातळी किती, कोयनेतून किती सोडलं, रात्रीत किती चढेल. ४५ फुटांवर धोका. त्या भाकितात चूक झाली की लोकांच्या माळ्यावरची भांडीसुद्धा जातात. ऑक्टोबरात माझ्या बहिणीच्या घरातल्या भिंतीला चिखलाची रेघ तशीच होती आणि मी वरळीला किंग्ज २४ गुणांनी हरताना बघत होतो. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट पहिल्यांदाच अंगातला ताण उतरला. इथं हरलं तर कुणाचं काहीच जात नव्हतं.

२०२२ मध्ये मी रागावलो. सलग १६ हंगाम बाद फेरीबाहेर, या लीगच्या इतिहासातला सगळ्यात लांब दुष्काळ. त्यातले नऊ रणदिव्यांच्या काळातले. वहीत दात-ओठ खाऊन ३० विजय लिहिले. पहिल्यांदाच डोक्यानं लिहिलं होतं. त्या वर्षी ४८ विजय झाले. डी-आरन फॉक्स, डोमांटस सबोनिस, प्रशिक्षक माइक ब्राउन. जिंकल्यावर मैदानाच्या छपरावरून आकाशात जांभळ्या उजेडाचा झोत सोडायची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली. भाचा फोटो पाठवायचा. काळ्या आभाळात एक सरळ जांभळी रेघ, खाली गाव. मी ते फोटो बायकोला दाखवायचो. ती म्हणायची, "चुकलात ना?" एवढ्या आनंदानं चूक कबूल केल्याचं मला दुसरं आठवत नाही.

पहिल्या फेरीत गाठ पडली वॉरियर्सशीच. तीन-तीन बरोबरी. सातवा सामना ३० एप्रिलचा. आपल्याकडं १ मेची रात्र, एक वाजता. घरात सगळे निजलेले. मी स्वयंपाकघरात, फोन डब्याला टेकवून, आवाज बंद. त्यांच्या स्टेफन करीनं ५० गुण केले. त्याच्या हातून बॉल सुटला की सॅक्रामेंटोतले लोक आधीच डोक्याला हात लावायचे, तो जाळीत पोचायच्या आत. आवाज नव्हता म्हणून मला ती माणसंच जास्त दिसली. १२०-१००. साडेतीन वाजले होते, यार्डात कुठंतरी इंजिन शंटिंग करत होतं. दिवा घालवला. सकाळी महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनाला मी वेळेवर हजर होतो. डोळे का सुजले, हे कुणी विचारलं नाही.

त्यानंतर ४६, मग ४०. ब्राउन गेले, फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास भाच्याचा निरोप आला की डॉन्चिचला डॅलसनं देऊन टाकला, लेकर्सला. मला वाटलं चेष्टा. तिथले पत्रकारसुद्धा म्हणे पहिली काही मिनिटं तेच समजत होते. असं काही वहीत मावत नाही. २०१५ साली मला खिडकीत येऊन कुणी म्हणालं असतं की पुढच्या एप्रिलात मिरजेहून दुष्काळी लातूरला पाणी रेल्वेनं जाणार, पन्नास-पन्नास हजार लिटरच्या टाक्या जोडून, तर मी त्याला बाकावर बसवून पाणी पाजलं असतं. गाडी गेली. मी फलाटावर उभं राहून ती बघितली.

परवा मिरजेतल्याच सतारमेकर गल्लीत गेलो होतो. तिथले एक कारागीर माझ्या ओळखीचे, वयानं माझ्याच बरोबरीचे. दुकानात पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले, वाळून लाकडासारखे झालेले. त्यांनी एक उतरवला, मांडीवर घेतला, बोटाच्या पेरानं वाजवला. फिरवला, पुन्हा वाजवला. कान इतका जवळ की गाल भोपळ्याला लागत होता. मी विचारलं, कसा बोलेल? "तानपुऱ्याला जाईल." एवढंच. मग ते दुसऱ्या वाद्याच्या जवारीकडं वळले. घोडी घासायची, तारेखाली सूत सरकवायचं, छेडायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं. पाऊण तासात मला काही फरक कळला नाही आणि मग एकाएकी कळला. तार झणझणायची थांबून गुंजायला लागली. मी म्हणालो, झालं की. ते म्हणाले, "सहा महिने वाजू दे कुणाच्या तरी हातात. मग सांगतो." आयुष्य यात काढलेला माणूस सहा महिने मागतो. मी दसऱ्यालाच एप्रिलचा आकडा लिहितो, तेही ज्यांना हात लावलेला नाही अशा माणसांविषयी.

तर यंदाचं. ओक्लाहोमा सिटी गतविजेते आहेत आणि सगळे त्यांनाच पुन्हा विजेते करून बसलेत. मी नाही. गेल्या सात वर्षांत सात वेगळ्या टीम जिंकल्या आहेत. मी डेन्वरला धरतो. त्यांच्या निकोला योकिचचे पास बघताना मला पंगतीत न बघता बरोबर पानात पडणारा भात आठवतो. शिवाय त्यांनी या उन्हाळ्यात आमचाच योनास व्हॅलनचुनस नेला आहे. लीगच्या पूर्वेकडच्या गटातले टेटम, हॅलिबर्टन, लिलर्ड, तिघांच्या टाचेमागची शीर एकाच मोसमाच्या शेवटी तुटली. तिघं नसताना तिकडून अंतिम फेरीत कोण येईल, तर न्यूयॉर्क. माइक ब्राउन आता तिथं आहेत, आणि बाहेर काढलेला माणूस जिंकावा असं मला वाटतं. हे भाकित नव्हे, पण वहीत लिहिलंय.

किंग्जकडं झॅक लव्हीन आणि डिमार डीरोझन, शिकागोत तीन वर्षं एकत्र असूनही फारसं काही न घडलेली जोडी. सबोनिस आहे. डेनिस श्रोडर नवा आलाय, केसांत पिवळी बट असलेला. गेल्याच महिन्यात जर्मनीला युरोपचं अजिंक्यपद मिळवून देऊन आला. किगन मरेचा अंगठा सराव सामन्यातच गेला, महिनाभर तरी नाही. प्रशिक्षक डग ख्रिस्ती, एके काळचे याच टीमचे खेळाडू. डोकं म्हणतं तीसच्या आत. मी लिहिलेत ३६ विजय, ४६ पराभव. वरचे सहा कुठून आले ते चौकशीच्या खिडकीत काम केलेल्याला विचारू नये.

यंदा हंगामाचा पहिला सामना आपल्या पाडव्याला पहाटे पाचला आहे, तो मी अभ्यंगस्नान उरकून बघेन. किंग्जचा पहिला सामना फिनिक्सला, भाऊबीजेच्या सकाळी साडेसातला. बहिणीला फोन करून कळवलंय, ओवाळणी साडेदहानंतर.