उतरवलेली कौलं

जुन्या पनवेलच्या एका आळीत, मे महिन्यात, रस्त्याच्या कडेला कौलांची चळत लागलेली दिसते. घर दुरुस्तीला काढलेलं असतं. वर आता स्लॅब पडणार किंवा रंगीत पत्रा चढणार, म्हणून कौलं उतरवून ठेवलेली. पाठीवर शेवाळ वाळून काळं पडलेलं. पण एखादं उलटं करून पाहावं, तर पोटाकडचा भाजल्या मातीचा रंग अजून ताजा, आणि त्यात ठसठशीत उठलेली इंग्रजी अक्षरं: बेसल मिशन टाईल वर्क्स, १८६५. येणारे-जाणारे ते वाचतात आणि घर दीडशे वर्षांचं असल्याचं सांगत सुटतात. तो आकडा घराचा नाही, त्या कौलाचाही नाही. कारखाना सुरू झाला, त्या सालाचा आहे.

मंगलोरच्या जेप्पू भागात, नेत्रावतीच्या काठी हा कारखाना निघाला तो गेओर्ग प्लेब्स्ट या मिशनऱ्याच्या खटपटीतून. मुळात तो आला होता मिशनचा छापखाना बघायला. धर्म बदलल्यामुळे पिढीजात धंदा सुटलेल्या माणसांना हाताला काम हवं होतं आणि नदीकाठी चिकणमाती मुबलक होती. त्यातून खोबणीनं एकमेकांत अडकणारं चपटं कौल तयार झालं. गलबतांतून ते कोकणच्या बंदराबंदरांत उतरलं आणि पुढं सगळ्या कोकणात त्याचं नाव मंगलोरी कौल असंच रूढ झालं.

त्याआधीचं पनवेल नुसतं बंदर नव्हतं, पुण्याच्या वाटेवरचा मोठा मुक्काम होतं. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईहून होडीनं पनवेलला यायचं आणि पुढं घाट चढायचा, असा प्रवास असे. १८५२ साली इथं नगरपालिका आली. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली आणि ती वर्दळ ओसरली.

मंगलोरी कौल येण्याआधीची इथली घरं नळीच्या कौलांची, आणि ती दर वर्षी शाकारावी लागत. नळीचं कौल म्हणजे मातीची अर्धी नळी. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. ना खोबण, ना खिळा. सगळा भार एकमेकांवर. वर्षभरात वानरं छपरावरून उड्या मारत, बोके भांडत, कावळे चोची खुपसत, वारा कडा उचकटे, आणि ओळी सरकत. म्हणून वैशाखात, वळवाच्या सरी यायच्या आत शाकारणी उरकायची. शिडी लागे. एक जण वर चढे तो अनवाणीच, कारण पाय नेमका वाशावर पडला पाहिजे. दोन वाशांच्या मध्ये पडला की पाय थेट माजघरात. तो एकेक कौल उचलून बोटाच्या पेरानं वाजवी. खणखणीत वाजलं तर राही, बद्द वाजलं तर बाजूला जाई, मग त्यावर डोळ्यांना तडा दिसो वा न दिसो. खालून घरातली माणसं टोपल्यांतून नवी कौलं पोचवीत. दुपारपर्यंत अर्धं पाखं उघडं होई आणि कधी ऊन न पाहिलेल्या माळ्यावर लख्ख उजेड पडे. मग भुंग्यानं पोखरलेला वासा दिसे, आढ्याला लागलेली वाळवी दिसे, कुजलेली रीप दिसे, गेल्या पावसात कुठून पाणी उतरलं त्याचा ओघळ दिसे. लागेल तेवढंच बदलायचं आणि छप्पर परत झाकायचं. पश्चिमेच्या अंगाला झडीसाठी झावळ्यांच्या झडपा बांधल्या की घर पावसाला तयार.

ही रीत फार शहाणपणाची होती. घर वर्षातून एकदा उघडलं जाई आणि त्याचं दुखणं साठून राहत नसे.

स्लॅब तसा उघडता येत नाही. सिडकोची स्थापना १९७० ची. तिच्या नवीन पनवेलमधल्या जुन्या इमारती आता नूतनीकरणाच्या वयाला आल्या आहेत. तयारी सुरू होते ती मात्र टाइल्सच्या दुकानापासून. मॉड्युलर किचनचा रंग ठरतो, फॉल्स सीलिंगचं चित्र मोबाइलवर येतं, आणि मे महिन्यातल्या कोरड्या भिंतीवर पुट्टी चढते. जुलैत त्याच भिंतीला फुगे येतात.

पनवेलला वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही नैर्ऋत्येकडून झोडपत. इथल्या घराची खरी तपासणी पावसाळ्यातच होते. जून ते सप्टेंबर भिंतीवरच्या ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारावी आणि शेजारी तारीख लिहावी. रेघ पावसाबरोबर पुढं सरकली, तर दोष गच्चीत किंवा बाहेरच्या भिंतीत. उन्हाळ्यातही ओल तशीच राहिली, तर बहुधा नळ गळतो आहे किंवा वरच्या मजल्याची मोरी पाझरते आहे. एका पावसाळ्याच्या या रेघा कुठल्याही कॅटलॉगपेक्षा मोलाच्या.

बैठ्या घरांचा प्रश्न वेगळा. डांबराचे थरांवर थर बसून रस्ता वर येतो आणि जोतं खाली राहतं. २६ जुलै २००५ ला पनवेलमध्ये पाणी घराघरांत शिरलं, तेव्हापासून इथला जाणता गवंडी आधी रस्त्याची पातळी बघतो, मग फरशीचं बोलतो.

आणि खांब. घाटकोपरची साईसिद्धी इमारत २५ जुलै २०१७ ला कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. ‘हॉल थोडा मोठा दिसेल’ या हौसेपायी भिंत पाडायची असेल, तर आधी संरचना अभियंत्याला घरी आणलंच पाहिजे. मिस्त्रीचा अनुभव कितीही दांडगा असला तरी तिथं पुरत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं संरचना परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तो अहवाल सोसायटीच्या कपाटात असतो. तो मागून वाचावा. नसेल, तर सर्वसाधारण सभेत विचारावं.

राहिला राडारोडा. एका स्वयंपाकघराची जुनी फरशी, ओटा आणि प्लास्टर काढलं, तरी टेम्पो भरतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी तो वेगळा साठवून ठरल्या जागी पोचवण्याची जबाबदारी राडारोडा करणाऱ्यावर, म्हणजे घरमालकावरही टाकली. खाडीकाठच्या कांदळवनात किंवा गाढी नदीच्या पात्रात ओतलेल्या विटांनी पावसाच्या पाण्याची वाट अडते आणि ते पाणी कुणाच्या तरी जोत्याला लागतं. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात राडारोड्याची ओळ आहे का, आणि तो नेमका कुठं टाकणार, हे आगाऊ रक्कम हातावर ठेवण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या.