रहाट नवा, विहीर तीच

दुष्काळांत गांवच्या विहिरीवर तिसरा रहाट बसला म्हणून पाणी वाढतें काय? संगणकाच्या बाजाराकडे पाहतांना आम्हांस हाच प्रश्न पडतो. पडद्यावरील चित्रें रेखाटणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचा २०२० पासून विलक्षण तुटवडा पडला. महासाथीनें मागणी वाढविली. त्यांत इथेरियम हें आभासी नाणें कमावण्यासाठीं कार्डें अहोरात्र राबविणाऱ्यांनीं माल घाऊक उचलला. एन्व्हिडियाचें ६९९ डॉलरचें आरटीएक्स ३०८० त्या किंमतीस मिळणें दुरापास्त झालें. एन्व्हिडिया आणि एएमडी या दोघांच्याच राज्यांत इंटेल उतरणार, या वार्तेनें आम्हां सामान्य गिऱ्हाइकांस हायसें वाटलें.

परंतु इंटेलच्या आर्क कार्डांच्या चिपा घडत तैवानच्या टीएसएमसीकडे. एएमडी तर आधींपासूनच त्या दारीं उभी! शिवाय मुहूर्तही हुकला. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियमनें कार्डांवरील ती कमाईच बंद केली, आणि आर्क ए७७० विक्रीस आलें १२ ऑक्टोबरला. टंचाई तोंवर ओसरत चालली होती.

मग हा खटाटोप व्यर्थ काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आरंभी जुन्या खेळांत अडखळणारीं हीं कार्डें आज्ञावलींच्या वारंवार दुरुस्तीनें सुधारलीं. डिसेंबर २०२४ मध्यें बी५८० हें कार्ड २४९ डॉलर किंमतीस जाहीर झालें. टंचाई मिटते ती उगमाशीं, दुकानांत नव्हे. नवा व्यापारी देतो ती निवड. आणि टंचाईंत ज्याची वाट पाहिली, त्याला सुकाळांत विसरणारें गिऱ्हाईक ती निवडही गमावून बसतें.