भरती, की ओहोटी?

आमच्या भिशीचं नाव ‘बेट’. खरं तर तिला भिशी म्हणणंच चूक, कारण तिच्यात चिठ्ठी निघत नाही, समोसे तळले जात नाहीत आणि कोणी नवी साडी नेसून येत नाही. आम्ही फक्त चौघी. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी भेटायचं, दोन फेऱ्या मारायच्या, कठड्यावर बसून भाजलेलं कणीस खायचं आणि दोन-दोन हजार ताईंच्या हातात ठेवायचे. ताई बँकेतून निवृत्त. नोटा दोनदा मोजतात, आमच्यासमोर एकदा आणि पर्समध्ये हात घालून एकदा. दुसरी मंडीदीपच्या एका औषध कारखान्यात नोकरीला आहे. तिसरी आमच्या गल्लीतली भाभी, जुन्या भोपाळची, जिला मराठी सगळं कळतं पण बोलायची वेळ आली की ती ‘अपन तो भोपाली हैं’ म्हणून सुटते. आणि मी. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, समुद्र मात्र मोजून चार वेळा पाहिला.

भोपाळच्या माणसाला पाण्याचं कौतुक फार. मोठं तळं, छोटं तळं आणि पोटात आणखी कितीतरी. आमचं शाहपुऱ्याचं तळं त्या मानानं कालचं पोर, 1974-75 च्या सुमारास बेतवा सिंचन योजनेत बांधलेलं. पण एवढ्या पाण्याच्या गावात राहून आम्हाला वेड लागलं ते फिलिपिन्सचं. कारण साधं होतं. 2025 च्या जूनपासून भारतीयांना तिथे चौदा दिवस व्हिसाविना राहता येऊ लागलं. ‘व्हिसा नाही’ या दोन शब्दांत मध्यमवर्गीय बाईला निम्मा प्रवास झाल्यासारखा वाटतो. पेसो दीड रुपयाच्या आसपास, म्हणजे ताईंच्या हिशेबाच्या आवाक्यातला. उरलेलं काम माझ्या जुन्या नकाशानं केलं.

कारण फिलिपिन्स म्हणजे भूगोलाच्या बाईचं माहेर. लुझोन हे बेट. त्या बेटावर ताल नावाचं तळं. तळ्यात ज्वालामुखीचं बेट. त्या बेटाच्या विवरात पुन्हा तळं आणि त्या तळ्यात पुन्हा एक चिमुकला खडक. सातवीच्या वर्गाला हे सांगताना मी फळ्यावर एकात एक वर्तुळं काढत जायचे आणि मागच्या बाकावरचं कोणीतरी हमखास विचारायचं, ‘बाई, त्या खडकावर डबकं आहे का?’ जानेवारी 2020 मध्ये तो ज्वालामुखी फुटला आणि आतल्या तळ्याची वाफ झाली. पुढे तिथे पुन्हा पाणी साठलं म्हणे. माझ्या फळ्यावरचं एक वर्तुळ मात्र त्या दिवशी पुसलं गेलं, आणि आपण जाईपर्यंत बाकीची तरी राहावीत असं मला खरोखर वाटू लागलं.

भाभीचं कारण वेगळं होतं. 1994 च्या मे महिन्यात मनिलाला सुष्मिता सेनच्या डोक्यावर मिस युनिव्हर्सचा मुकुट चढला, तेव्हा भाभीचं नवीन लग्न झालेलं. तिला त्या सोहळ्यातली दुसरीच गोष्ट जास्त लक्षात होती. त्याच मंचावर यजमान देशाच्या चार्लीन गोन्झालेसला विचारलं होतं, तुमच्या देशात बेटं किती? तिनं उलट विचारलं, भरतीच्या वेळची, की ओहोटीच्या? सगळं सभागृह हसलं. भूगोलाच्या परीक्षेत या उत्तराला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. तेव्हा फिलिपिन्सची बेटं 7,107 मानत. 2017 पासून अधिकृत आकडा 7,641 आहे. नव्यानं मोजणी झाली तेव्हा पाचशेवर बेटं जास्तीची भरली, एवढंच.

अठरा महिने भिशी चालली. डोईला छत्तीस हजार. संध्याकाळच्या फेरीत आम्ही पालावानच्या सफरी ठरवत होतो. एल निडोला त्या सफरींना ए, बी, सी, डी अशी नावं आहेत. ताईंचं म्हणणं, शाळेच्या तुकड्यांसारखं झालं, आपण ‘ड’ तुकडीतच बसू. तिथल्या होड्यांना बांका म्हणतात, दोन्ही अंगांना बांबूच्या दांड्या लावलेल्या. तो फोटो पाहिला आणि माझ्या तोंडून ‘उलांडी!’ असा शब्द निघाला. आजोळी मालवणकडे होडीच्या एका बाजूला असतं तेच हे लाकूड. हा शब्द मी चाळीस वर्षांत उच्चारला नव्हता. फिलिपिन्सनं मला तो परत आणून दिला, आणि या अख्ख्या सहलीतला तेवढाच भाग मला फुकट पडला.

मग व्हायचं तेच झालं. ताईंच्या सासूबाईंचा गुडघा बदलावा लागला. भाभीच्या मुलाची फी भरायची तारीख जवळ आली. कोणी तोंडानं मागितलं नाही आणि कोणी नाही म्हटलं नाही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ताईंनी वही उघडून दाखवली, तेव्हा चौघींच्या नावावर मिळून बावीस हजार शिल्लक होते. एवढ्यात मनिलाचं एकीचंसुद्धा जाण्यायेण्याचं तिकीट बसत नव्हतं. तळ्यावरची जलपर्णी वाऱ्यानं आमच्या काठाला येऊन लागली होती. मला उगाच बोराकायची आठवण झाली. त्या बेटाचं पाणी घाण झालं म्हणून 2018 मध्ये सरकारनं सहा महिने ते पर्यटकांना बंद ठेवलं होतं. आमच्या तळ्याला कोणी दार लावत नाही, आणि आम्हीही त्याच्या काठी बसून दुसऱ्याच समुद्राचे फोटो पाहतो.

‘मी तर रोजच बेटावर जाते,’ मंडीदीपवाली म्हणाली. ‘आठ तास. तेही कंपनीच्या बसनं.’

आम्ही हसलो. पण गोष्ट खरी आहे. मंडीदीप म्हणजे मंडी-द्वीप, असं इकडे सांगतात. राजा भोजानं अकराव्या शतकात भोजपूरला बांध घालून केवढं तरी सरोवर अडवलं होतं. 1888 मध्ये विल्यम किनकेड या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याचा विस्तार अडीचशे चौरस मैल धरला. त्या पाण्यातलं एक बेट म्हणजे आजचं मंडीदीप. कथा अशी की राजाला त्वचारोग झाला होता आणि 365 प्रवाहांच्या पाण्यात स्नान केलं तरच उतार पडेल असं त्याला कोणी सांगितलं. बेतवेच्या खोऱ्यात प्रवाह भरले 359. मग कालिया नावाच्या गोंड सरदारानं एक हरवलेली नदी दाखवली आणि तिच्या उपनद्या धरून संख्या पुरी झाली. ती कलियासोत आमच्या शाहपुऱ्यापासून फार लांब नाही. पुढे पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशहानं बांध फोडला. गोंड सांगत की फोडायला फौजेला तीन महिने लागले, सरोवर रिकामं व्हायला तीन वर्षं आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस. पाणी गेलं, द्वीप नावातच राहिलं. आज त्या द्वीपावर कारखान्यांची धुराडी आहेत आणि आमची मैत्रीण तिथे गोळ्यांचं वजन तपासते.

‘मग पाणी असलेलं बेट बघू. जवळचं,’ ताई म्हणाल्या आणि वहीत ‘मनिला’ खोडून त्यांनी ‘हनुवंतिया’ लिहिलं.

हनुवंतिया खंडवा जिल्ह्यात, इंदिरा सागर धरणाच्या पाण्याकाठी. 2016 च्या फेब्रुवारीत तिथे पहिला जल महोत्सव झाला आणि तेव्हापासून मध्य प्रदेशाला समुद्र नाही हे आम्ही जरा हळू आवाजात बोलू लागलो. तिथल्या तंबूंचे भाव ताईंनी फोनवर ऐकले, ‘धन्यवाद’ म्हणाल्या आणि मूंदी गावात एका लॉजच्या दोन खोल्या ठरवल्या. जानेवारीत आम्ही निघालो. स्लीपरचा डबा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाभीचे शामी कबाब वेगळ्या डब्यात आणि चौघींत मिळून एक दुर्बीण, जी मंडीदीपवालीच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेली होती.

इटारसी, हरदा, खिरकिया. मग छनेरा आलं. गाडी थांबली तशी भाभी खिडकीशी सरकली. ‘यही है ना नया हरसूद?’ तिची एक मावशी हरसूदला दिलेली होती. जुनं हरसूद इंदिरा सागरच्या पाण्याखाली जाणार म्हणून 30 जून 2004 पर्यंत रिकामं करा असा हुकूम निघाला होता. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली, दारं-चौकटी, पत्रे, कौलं ट्रॅक्टरवर चढवली आणि गाव सोडलं. मावशीनं चूल काढली नाही, एवढंच भाभीला माहीत होतं. त्याच हरसूदमध्ये 28 सप्टेंबर 1989 ला मोठ्या धरणांच्या विरोधात देशभरातून हजारो माणसं जमली होती, आपले बाबा आमटेही होते. रूळसुद्धा तेच राहिले नाहीत. जुना मार्ग पाण्यात जाणार म्हणून गाडी आता वळसा घालून जाते. दोन मिनिटं झाली. प्लॅटफॉर्मवर एकजण पेरू विकत होता. ताईंनी अर्धा किलो घेतले आणि नेहमीप्रमाणे एक जास्तीचा मागून घेतला.

हनुवंतियाला पोचल्यावर पहिला वाद मीच घातला. सडक थेट आत जाते, म्हणजे माझ्या शाळेच्या व्याख्येत हे बेट नव्हेच. तीन बाजूंनी पाणी म्हणजे द्वीपकल्प. ‘शून्य गुण!’ मंडीदीपवाली म्हणाली आणि बोटीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. एका इंदुरी कुटुंबाबरोबर बोट वाटून घेतली म्हणून भाडं निम्मं पडलं. नारिंगी जाकिटं चढवली. ताईंच्या जाकिटाचा पट्टा साडीच्या पदरावरून जात नव्हता. शेवटी त्यांनी पदर खोचला, कमरेवर हात ठेवला आणि त्या एकदम अठरा वर्षांच्या दिसायला लागल्या.

पाणी एवढं होतं की समोरचा काठ दिसेना. मी समुद्र मोजून चार वेळा पाहिलाय असं वर म्हटलं, त्यात हा धरायचा की नाही ते अजून ठरवलेलं नाही. 913 चौरस किलोमीटरचं हे पाणी. 23 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींनी धरणाची कोनशिला बसवली आणि आठच दिवसांनी त्या गेल्या. वीस वर्षांनी पाणी चढलं, तेव्हा हरसूद आणि अडीचशेच्या आसपास गावं त्याच्या वाटेत होती. वाळलेल्या सागांचे शेंडे पाण्याबाहेर हातभर उभे होते आणि प्रत्येकावर एक-एक पाणकावळा पंख पसरून बसला होता, वाळत घातल्यासारखा.

‘भैया, इथे टापू किती आहेत?’ मी विचारलं. जुन्या सवयीनं, दुसरं काय.

नावाडी पन्नाशीचा. त्यानं इंजिन मंद केलं. ‘कब के बताऊँ, दीदी? दिवाली के, कि जेठ के?’

भाभी माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या तोंडून शब्द निघेना. मनिलाच्या मंचावरची ती पोरगी आणि हा कानाला मफलर बांधलेला माणूस, मध्ये तीस वर्षं आणि तीन-चार समुद्र.

पावसाळ्यानंतर तलाव भरला की पाण्याची पातळी 262 मीटरपर्यंत जाते. खाली खाली उतरू द्यायचं म्हटलं तर 243 पर्यंत. हा एकोणीस मीटरचा फरक म्हणजे सहा मजली इमारत. तिच्या एकेका मजल्यावर नवी बेटं निघतात आणि जुनी जमिनीला जाऊन चिकटतात. हे मी पुस्तकी भाषेत सांगितलं. त्यानं एवढंच सांगितलं की ज्या टापूकडे आपण चाललोय तो त्यांच्या गावचा माळ होता. गुरं सकाळी वर चढायची आणि दुपारी खाली ओढ्यावर यायची. ओढा कुठे, असं ताईंनी विचारलं. त्यानं वल्ह्यानं सरळ खाली दाखवलं.

आम्ही उतरलो. बेट म्हणजे काय, गुडघाभर वाळकं गवत, चार पळसाची झाडं आणि पाण्याच्या रेषेवर चिखलात रुतलेलं एक कौल. इकडे त्याला कवेलू म्हणतात. भाभीनं ते पाण्यात हलवून धुतलं. अर्धगोल, एका कडेला फुटलेलं, आणि पाठीवर लांबच लांब तीन रेघा. ओल्या मातीवरून कुंभारानं फिरवलेल्या बोटांच्या. भाभीनं आपली तीन बोटं त्यांच्यावर ठेवली. तिची बोटं लहान पडली. तिनं कौल ओढणीनं पुसून पर्समध्ये घातलं, पर्स बंद होईना, मग काढून होतं तिथेच ठेवलं, पाठ वर करून.

दशम्या आम्ही तिथेच खाल्ल्या. नावाड्याला चटणी फार आवडली. त्यांच्याकडे अंबाडीची भाजी आणि ज्वारीची रोटी असते असं तो म्हणाला आणि ताईंनी ‘अरे, म्हणजे आमचीच की!’ म्हणून त्याला आणखी दोन वाढल्या. मराठीत बांबूच्या जाळीलाही बेट म्हणतात, कळकाचं बेट. लहानपणी मला वाटायचं ती दोन वेगळी बेटं. गवतात चौघी एकमेकींना टेकून बसलेल्या असताना मला त्यांचा फरक सांगता आला नसता, आणि विद्यार्थी कोणी जवळ नव्हते म्हणून बरं.

परतीच्या गाडीत ताईंनी हिशेब मांडला. बावीस हजारांतले नऊ हजार चारशे उरले होते. पेरू ‘किरकोळ’मध्ये, बोट ‘प्रवास’मध्ये. नावाड्याला वर दिलेले शंभर कुठे टाकायचे हे त्यांना ठरवता येईना.

‘जेठात ये म्हणालाय तो,’ मंडीदीपवाली म्हणाली. ‘तेव्हा त्या टापूवर चालत जाता येतं. खालचा ओढाही दिसतो म्हणे.’

ताईंनी चष्मा वर केला. ‘म्हणजे बोटीचे पैसे वाचतील,’ त्या म्हणाल्या आणि वहीचं नवं पान उघडलं.