बर्फाने अडवलेली वाट

बर्फ म्हटले की मराठी माणसाला आधी उन्हाळा आठवतो. उसाच्या रसातला खडा, जत्रेतला रंगीत गोळा, एवढीच आपली बर्फाशी ओळख. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधी दवबिंदू गोठले, तर त्याची बातमी होते. त्यामुळे हिमवर्षावात फुलणाऱ्या प्रेमाची गोष्ट आपल्याला काहीशी परकी वाटते.

नाताळच्या सुट्टीत अशीच एक हलकीफुलकी कादंबरी माझ्या हाती आली. मी दिल्लीत मुनिरक्याला राहते. तेथे बर्फ पडत नाही. पण दाट धुके आणि बोचरी थंडी असते. रजईत शिरून मी ती एका बैठकीत वाचून संपवली. कथानक साधेच होते : भिन्न स्वभावांची दोन माणसे, बर्फाने बंद झालेला घाट, आसऱ्याला एकच घर, आधी वादावादी, मग चहा आणि शेवटी विरघळलेला अहंकार.

अशा लेखनाला जीवनाचा स्पर्श नसतो, हा आक्षेप जुनाच आहे. ना. सी. फडके (१८९४–१९७८) तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. तरी त्यांच्या प्रणयरम्य कादंबऱ्यांवर तो घेतला गेला. कला कलेसाठी की जीवनासाठी, या गाजलेल्या वादात वि. स. खांडेकर जीवनाच्या बाजूने उभे होते.

शेजारच्या खोलीतील मुलगी हिमाचल प्रदेशातली. तिला मी कथानक सांगितले, तेव्हा ती खळखळून हसली. "दीदी, बर्फ पडला की प्रेमाच्या आधी नळ गोठतो!" मग किंचित थांबून म्हणाली, "पण रस्ता बंद झाला की सारे घर एका चुलीभोवती बसते. ज्याच्याशी अबोला, त्याच्याशीही बोलावेच लागते."

कादंबरीत जीवनाचा स्पर्श होता, तो येथे! हिम माणसांना सोबत राहायला भाग पाडते. मुनिरक्याच्या अरुंद गल्ल्यांत घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. दूरदूरच्या प्रांतांतून शिकायला, कमवायला आलेली माणसे तेथे भिंतीला भिंत लावून राहतात आणि पुष्कळदा एकमेकांचे नावही जाणत नाहीत. आम्हा दोघींचे दोन वर्षांच्या शेजारातले हे पहिलेच निवांत बोलणे होते.

बर्फाने वाट अडवली म्हणून कादंबरीतली माणसे थांबतात. आमच्या वाटा बाराही महिने मोकळ्या असतात. म्हणून कोणाच्या दाराशी घटकाभर थांबायचे की नाही, हे आमचे आम्हालाच ठरवावे लागते.